टीएसएच नॉर्मल आलं, मग थकवा कशाचा?

कार्ले, मळवली, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर सकाळी थोडा वेळ बसलं, की दोन प्रश्न कानावर पडतात. पहिला : "थायरॉईड निघालंय म्हणे, आता जन्मभर गोळी का?" दुसरा त्याच्या उलट : "रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, मग अंगात त्राण का नाही?" या दुसऱ्या प्रश्नाला हल्ली मोबाइलवर तयार उत्तर मिळतं. तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात, असं ते उत्तर सांगतं आणि सोबत पावडरीचा डबाही विकतं.

थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल या दोन्हींची तपासणी तशी सोपी आहे. घोळ होतो तो एकच आकडा बघून निकाल लावल्यामुळे, नाहीतर रक्त भलत्या वेळी दिल्यामुळे. आणि क्वचित, पण जिवावर बेतेल असा, दोन औषधांपैकी नंतरचं आधी सुरू केल्यामुळे. या शेवटच्या गोष्टीपर्यंत पोहोचायला आधी थोडी तयारी हवी.

१. मुकादम आणि मजूर

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते. वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. ती मुख्यतः टी-फोर नावाचा रस बनवते. शरीर आपल्या गरजेप्रमाणे त्याचं टी-थ्री करून वापरतं, आणि त्यावर हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, पाळी, मनाची तरतरी असं बरंच काही अवलंबून असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन, प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक, चार-पाच ग्रॅमची. त्या कॉर्टिसॉल, मिठाचा तोल सांभाळणारं अल्डोस्टेरॉन आणि घाबरल्यावर छाती धडधडवणारं अ‍ॅड्रिनॅलिन बनवतात.

थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल या दोघींवर मेंदूच्या तळाशी असलेल्या जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या पिट्यूटरी ग्रंथीची देखरेख असते. रस्त्याच्या कामावरचा मुकादम डोळ्यांसमोर आणा. मजूर नीट काम करत असला, की मुकादम अधूनमधून एखादी हाक मारतो. मजूर ढिला पडला, की त्याचा आवाज चढतो. मजुराने सांगितल्यापेक्षा जास्त उरकायला घेतलं, की तो गप्प बसतो. पिट्यूटरी हा मुकादम, थायरॉईड हा मजूर, टी-फोर हे झालेलं काम आणि टीएसएच हा मुकादमाचा आवाज.

म्हणून टीएसएच वाढलं, तर थायरॉईड कमी पडतोय. टीएसएच तळाला गेलं, तर थायरॉईड जास्त चालतोय. हा उलटा हिशेब अनेकांना चकवतो. रिपोर्टवर टीएसएचपुढे वरच्या दिशेचा बाण दिसला, की "थायरॉईड वाढलाय" असं घरी सांगितलं जातं.

मुकादमाचा कान फार तिखट आहे. टी-फोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच शंभर पटीच्या घरात चढू शकतं. त्यामुळे थायरॉईडची पहिली तपासणी म्हणून टीएसएचच करतात, आणि ते योग्य आहे. पण आवाजावरून कामाचा अंदाज बांधायचा, तर मुकादम स्वतः धडधाकट हवा. हे 'पण' लक्षात असू द्या, पुढे लागेल.

२. ६.८ या आकड्याचं काय करायचं?

समजा, कार्ल्यातल्या चाळिशीच्या एका बाईंनी तपासणीचं पॅकेज केलं. टीएसएच ६.८ आलं. लॅबने छापलेली मर्यादा साधारण ०.४ ते ४.५. फ्री टी-फोर मात्र नॉर्मल. म्हणजे मुकादमाचा आवाज चढलाय, पण काम अजून पुरं होतंय.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करणं. कंटाळवाणं वाटतं, पण असे कितीतरी आकडे दुसऱ्या खेपेला आपोआप खाली आलेले असतात. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. मोठ्या आजारातून उठताना ते काही आठवडे वर राहतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर काही यंत्रं त्याने फसतात आणि नसलेला जादा थायरॉईड दाखवतात. तपासणीआधी त्या किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात. दोन्ही वेळा रक्त एकाच लॅबमध्ये आणि साधारण एकाच वेळी दिलेलं बरं.

दुसऱ्यांदाही आकडा वरच राहिला, तर अँटी-टीपीओ ही तपासणी उपयोगी पडते. शरीराची संरक्षण व्यवस्थाच थायरॉईडवर उलटली आहे का, ते तीतून कळतं. हा आजार जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णन केला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या लोकांत थायरॉईड कमी पडण्याचं हेच प्रमुख कारण. अँटी-टीपीओ जास्त असेल, तर पुढे खरी कमतरता येण्याची शक्यता वाढते.

टीएसएच १० च्या वर टिकून राहिलं, तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. साडेचार ते दहा हा मधला पट्टा वादाचा. वय, लक्षणं, कोलेस्टेरॉल, बाळाचा विचार आहे का, हे सगळं बघून तिथे निर्णय होतो. युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. अशा किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना दिखाऊ. थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. सत्तरीच्या आजोबांचं टीएसएच ६ आलं, म्हणून घरच्यांनी धावाधाव करू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसरी बाजूही आहे. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के लोकांना थायरॉईडची कमतरता आढळली, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

गरोदर बाईचा हिशेब मात्र वेगळा. तिथे वाट बघत बसायचं नाही. आधीपासून गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं. बहुधा आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायला सांगतात. बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचंही टीएसएच बघता येतं. जन्मतःच थायरॉईड नसलेलं बाळ हजार-दीड हजारांत एखादं, पण पहिल्या दोन आठवड्यांत उपचार मिळाले तर त्याची बुद्धी वाचते. प्रसूतीआधीच दवाखान्यात या तपासणीची चौकशी करून ठेवावी.

३. गोळी घ्यायची रीत, आणि सर्वांगासन

लेव्होथायरॉक्सिन ही गोळी म्हणजे तुमच्या ग्रंथीचाच रस, कारखान्यात बनवलेला. थायरॉईड पूर्ण निकामी असेल, तर प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६० किलोच्या माणसाला जवळपास १०० मायक्रोग्रॅम. वय झालेल्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला मात्र १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात.

सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत गोळी घ्यायची. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी किमान चार तासांनी, नाहीतर ती थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच अडकवून ठेवते. आशाताईंनी दिलेली लाल गोळी आणि थायरॉईडची गोळी एकाच घोटात घेणाऱ्या बायका पुष्कळ, आणि मग "डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही" म्हणून त्या हैराण.

टी-फोर रक्तात बराच काळ टिकतं. निम्मं संपायलाच सुमारे सात दिवस जातात. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच तपासणं म्हणजे पैसे वाया. एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी आभाळ कोसळत नाही.

मावळात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पाऊस. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांनी खराब होते. जून ते सप्टेंबर घराच्या भिंतीही घाम गाळतात, तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट लावावं, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नये आणि बाटली खिडकीत किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवू नये.

खाण्याच्या पथ्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक फिरते. शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. मीठ आयोडिनचं असावं. सैंधवात आयोडिन नगण्य असतं. पण हाशिमोतोच्या आजारात वरून आयोडिनचे थेंब घेतले, तर उलट बिघडण्याचीच शक्यता.

आणि सर्वांगासन. लोणावळा-कार्ल्याच्या परिसरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. योगक्रिया करताना शरीरात काय घडतं, ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी बघण्याचा प्रयत्न तिथे झाला, आणि त्या काळात ही फार धाडसाची गोष्ट होती. सर्वांगासनाचा थायरॉईडशी संबंध त्यांनीच आग्रहाने मांडला. तेव्हाची परिस्थिती आठवा. थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आलं ते १९२७ साली, आणि ते सामान्य माणसाच्या हाती यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. ग्रंथीला रक्त जास्त मिळालं तर ती सुधारेल, हा अंदाज त्या वेळी शहाणपणाचाच होता. आज आपल्याला कळतं, की हाशिमोतोच्या आजारात ग्रंथीच्या पेशीच नष्ट होतात आणि रक्त वाढवून त्या परत येत नाहीत. योगाने झोप, ताठरलेले सांधे आणि मन यांना फायदा होतो, तेव्हा तो जरूर करावा. गोळी बंद करून करू नये. ज्यांनी परीक्षेशिवाय काही मानलं नाही, त्या स्वामीजींचं नाव सांगून गोळी सोडायला लावणं त्यांच्या पद्धतीला धरून होणार नाही.

४. थायरॉईड जास्त चालतो तेव्हा

हा भाग थोडक्यात, कारण तो बहुधा लगेच ओळखू येतो. वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो, कधी डोळे पुढे येतात. टीएसएच जवळजवळ शून्य. कारण ग्रेव्हजचा आजार असेल, तर कार्बिमेझोल देतात. पण बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेला रस नुसता सांडत असेल, तर त्या गोळीचा काही उपयोग नाही. तो प्रकार आपोआप शमतो. फरक कळण्यासाठी थायरॉईडचा स्कॅन किंवा अँटिबॉडीची तपासणी लागते. कार्बिमेझोल चालू असताना घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. ग्रेव्हजवरचे किरणोत्सारी आयोडिनचे उपचारही महाराष्ट्राला नवे नाहीत. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे काम १९६० च्या दशकापासून करत आलं आहे.

५. मुकादमच आजारी पडला तर

आता तो राखून ठेवलेला 'पण'.

पन्नाशीच्या एक बाई. डोंगरावरच्या वाडीत घरीच शेवटचं बाळंतपण झालं, रक्त फार गेलं, कशाबशा वाचल्या. त्यानंतर दूध आलं नाही. पाळी परत आली नाही. काखेतले केस गेले. वर्षानुवर्षं थकवा, थंडी सहन न होणं, मधूनच चक्कर. सगळे म्हणतात, "बाळंतपणात अंगावरून गेलं, तेव्हापासून अशीच आहे." टीएसएच केलं, तर २.१ आलं. नॉर्मल. बाई घरी. (रुग्ण काल्पनिक आहे, चित्र मात्र डॉक्टरांच्या ओळखीचं.)

इथे गोंधळ असा झाला, की प्रसूतीतल्या रक्तस्रावाने पिट्यूटरीच सुकली. मुकादमालाच ओरडायची ताकद नाही, तर मजूर झोपला आहे हे कळणार कसं? टीएसएचसोबत फ्री टी-फोर केलं असतं, तर ते तळाला दिसलं असतं. आवाजाबरोबर कामही मोजायला हवं होतं. या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली तो मांडला. श्रीमंत देशांत तो आता दुर्मीळ झाला आहे. आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यातल्या एका पाहणीत वीस वर्षांवरच्या, बाळंत झालेल्या बायकांमध्ये सुमारे ३ टक्के प्रमाण आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं घरी झाली होती.

तेव्हा थकलेल्या बाईला डॉक्टरांनी विचारायचे प्रश्न दोन : शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेलं, आणि बाळाला दूध पाजलं का? डॉक्टरांनी विचारलं नाही, तर बाईंनी आपणहून सांगावं.

मुकादम आजारी असेल, तर तो एकट्या थायरॉईडकडे दुर्लक्ष करून थांबत नाही. अ‍ॅड्रिनलला तो ज्या हाकेने कामाला लावतो, ते एसीटीएचही बंद पडतं.

६. मूत्रपिंडावरच्या दोन ग्रंथी

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली अकरा रुग्णांची हकिकत छापली. अशक्तपणा, पोटाच्या तक्रारी, हळूहळू काळवंडणारी कातडी आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच क्षयरोगाने. पाश्चात्त्य देशांत आता या आजाराचं मुख्य कारण शरीराने स्वतःवरच उलटणं हे आहे. भारतात क्षय अजूनही यादीत वर आहे. त्याच्या जोडीला हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. ती पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने कसदार झालेल्या मातीत वाढते. लेण्यांच्या गावात हे वाचून कोणी दचकेल, म्हणून लगेच सांगतो : ही बुरशी श्वासातून गेलेल्या बहुतेकांना काही होत नाही, आणि लेणी बघून येणाऱ्याने धास्ती घेण्याचं कारण नाही. बंद खोलीत साठलेली विष्ठा झाडायची असेल, तर आधी पाणी शिंपडावं आणि नाकातोंडावर मास्क बांधावा, एवढं पुरे.

लक्षणं फसवी असतात. वजन घटतं, भूक मरते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ आणि लोणचं खावंसं वाटतं. गोऱ्या माणसात काळवंडलेली कातडी पटकन दिसते, आपल्याकडे शोधावी लागते. पुस्तकं हिरड्या बघायला सांगतात. पण मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या तशाही काळ्या. त्यापेक्षा तळहाताच्या रेषा, बोटांचे पेर आणि जुने व्रण बघावेत. साध्या रक्ततपासणीत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसलं, तर संशय पक्का होतो.

७. सकाळचे आठ

कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर सारखी नसते. ती सकाळी आठच्या सुमारास सर्वांत वर आणि मध्यरात्री तळाला असते. त्यामुळे कमतरतेचा संशय असेल, तर रक्त सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान द्यायचं. दुपारी दिलेल्या रक्तात कॉर्टिसॉल ५ आलं, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

कार्ल्याच्या माणसाची अडचण इथे सुरू होते. मळवलीला लोकल धरून पुणं गाठायचं, म्हणजे सव्वा ते दीड तास, पुढे रिक्षा आणि रांग. सुई टोचेपर्यंत साडेदहा वाजतात. त्यापेक्षा नुसतं कॉर्टिसॉल द्यायचं असेल, तर लोणावळ्यात, कामशेतला किंवा तळेगावला जवळच्या लॅबमध्ये वेळेवर द्यावं आणि नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टवर लिहून घ्यावी. एसीटीएचचं तसं नाही. ते रक्तात झपाट्याने नष्ट होतं. नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो. त्यासाठी आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केलेला परवडला.

निकाल साधारण असा वाचतात. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर असेल, तर शक्यता फारशी नाही. मधे अडकलं, तर ग्रंथीला मुद्दाम हाक मारून बघतात. एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभराने कॉर्टिसॉल मोजतात. ते १८ च्या आसपास चढायला हवं, नव्या यंत्रांवर थोडं कमी चालतं. परदेशी सिनॅक्थेन आपल्याकडे सहजी मिळत नसल्याने अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम हे औषध वापरून आपल्या डॉक्टरांनी हीच तपासणी बसवली आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगावं, त्यांनी कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो.

उलट, कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय असेल, तर रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला रक्त देतात. निरोगी माणसात कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जातं.

८. पुडीतला स्टेरॉईड

अ‍ॅडिसनचा आजार दुर्मीळ आहे. अ‍ॅड्रिनल झोपी जाण्याचं खेड्यापाड्यांतलं नेहमीचं कारण वेगळंच. गुडघेदुखीवर बाजारात मिळणारी बिननावाची पुडी, दम्यावर कोणीतरी दिलेल्या 'बारीक पांढऱ्या गोळ्या', ताकद येते म्हणून दर आठवड्याला घेतलेली सुई. यांत अनेकदा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टेरॉईड असतं. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेरून स्टेरॉईड मिळालं, की मुकादम समजतो काम उरकतंय, आणि हाका मारणं सोडतो. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते, साखर वाढते. मग कोणी शहाणा सांगतो, "त्या पुड्या विषारी आहेत, आजच फेक." नेमकं हेच करायचं नाही. एकदम बंद केल्यावर अंगात ना बाहेरचं कॉर्टिसॉल, ना आतलं. उलट्या, रक्तदाब कोसळणं, कधी बेशुद्धी.

पुडी फेकू नका, ती घेऊन डॉक्टरकडे जा. डोस आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उतरवावा लागतो. डॉक्टरांनीच दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दिलेल्या स्टेरॉईडलाही हाच नियम लागू आहे. ती औषधं गुणाची आहेत. स्वतःच्या मनाने तोडणं धोक्याचं.

आणि 'थकलेल्या' अ‍ॅड्रिनलचं काय? ताणाने अ‍ॅड्रिनल दमते ही कल्पना एका अमेरिकन लेखकाने १९९८ साली प्रचारात आणली. या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासून २०१६ साली जो आढावा निघाला, त्यात असा आजार असल्याचा पुरावा सापडला नाही. थकवा खरा असतो, त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं : हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, झोप, घोरणं, मनावरचा भार. काही डब्यांत जनावरांच्या ग्रंथींची पूडही असते, म्हणजे पुन्हा पुडीच, फक्त महाग.

९. आधी कोण?

कधीकधी थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल दोन्ही एकाच माणसात कमी पडतात. शीहानमध्ये पडतात ते आपण पाहिलं. शरीर दोन्ही ग्रंथींवर एकदम उलटलं तरीही पडतात. ही जोडी श्मिट यांनी १९२६ साली नोंदवली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना अ‍ॅडिसनचा आजार असल्याचं निदान १९४७ साली लंडनमध्ये झालं, पुढे थायरॉईडची कमतरताही निघाली. दोन्हींची औषधं घेत त्यांनी देश चालवला.

अशा रुग्णाला नुसती थायरॉईडची गोळी दिली तर काय होतं? शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी भराभर खर्च होतं, आणि काल चालत आलेला माणूस रक्तदाब कोसळून आडवा होतो. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉलच), मग काही दिवसांनी थायरॉक्सिन. शिवाय अ‍ॅडिसनच्या आजारात टीएसएच थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि नुसत्या हायड्रोकॉर्टिसोननेच ते उतरतं. थायरॉईडला काही झालेलंच नसतं.

व्यवहारात याचा उपयोग असा. थायरॉईडच्या कमतरतेत वजन सहसा वाढतं. टीएसएच वाढलेलं आणि तरीही वजन घटतंय, रक्तदाब कमी आहे, मीठ खावंसं वाटतंय, किंवा गोळी सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी आणखी गळून गेल्यासारखं झालं, तर डोस वाढवायच्या आधी सकाळचं कॉर्टिसॉल करून घ्या.

हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी. अ‍ॅड्रिनल स्वतःच बिघडली असेल, तर मीठ धरून ठेवायला फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागतं. बिघाड पिट्यूटरीत असेल, तर ते लागत नाही. क्षयाचे उपचार चालू असतील, तर आणखी एक गोष्ट. रिफॅम्पिसिन हे औषध हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन दोन्ही भराभर संपवतं, त्यामुळे डोस वाढवावे लागतात. क्षयाचं औषध देणाऱ्याला आणि ग्रंथींचं औषध देणाऱ्याला एकमेकांची चिठ्ठी दाखवणं हे काम रुग्णालाच करावं लागतं.

१०. कार्ल्याहून कुठे जायचं?

सुरुवात कार्ल्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. रक्तदाब बसून आणि उभं राहून मोजणं, साखर, हिमोग्लोबिन इथे होतं. पुढे कान्हे फाट्याचं सरकारी रुग्णालय, मग औंधचं जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. महालॅब योजनेत नमुना सरकारी दवाखान्यात घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात; कोणती तपासणी कोणत्या पातळीवरून होते हे ठरलेलं आहे, तेव्हा थायरॉईडचं आधी विचारून घ्यावं. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्याने तिथे ही सवलत जशीच्या तशी नाही. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लोकलने जवळ.

साध्या थायरॉईडच्या कमतरतेला तज्ज्ञाची गरज नसते. गावचा फिजिशियन ती उत्तम सांभाळतो. गरोदरपण, पिट्यूटरीचा संशय, अ‍ॅड्रिनल, आणि गळ्यात वाढणारी गाठ, या चार गोष्टींसाठी पुण्या-मुंबईचा एंडोक्रिनॉलॉजिस्ट गाठावा.

११. तापाच्या दिवशी

निरोगी माणसाला ताप आला, की अ‍ॅड्रिनल आपोआप कॉर्टिसॉल वाढवते. गोळीवर जगणाऱ्या माणसाला ते स्वतः वाढवावं लागतं. साध्या तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट, जास्त तापात तिप्पट, दोन-तीन दिवस. उतरलं की नेहमीवर. दात काढायचा असो की मोठी शस्त्रक्रिया, आधी सांगायचं. निर्जळी उपवास टाळायचा. चैत्रात एकवीरेच्या पायऱ्या चढायच्या असतील, तर पाणी आणि मीठ-लिंबू जवळ हवं, आणि गोळी चुकवायची नाही.

उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, तर घरी वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं, आणि ते काही तासांत नव्हे, ताबडतोब. अशा रुग्णाने एक कुपी घरात ठेवावी आणि ती स्नायूत कशी द्यायची ते घरातल्या एकाने शिकून घ्यावं. पाकिटात कार्ड असावं, मराठीत आणि इंग्रजीत : अ‍ॅड्रिनलची कमतरता आहे, औषध आणि डोस हा, बेशुद्ध सापडल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या. १०८ ला फोन करताना "चक्कर आली" एवढंच सांगू नका. पहिल्याच वाक्यात अ‍ॅड्रिनलचा रुग्ण आहे आणि उलट्या होत आहेत, हे सांगा. इंजेक्शनची कुपी हातात घेऊनच गाडीत बसा.